शेवटचा फर्मा

"आज त्याने ‘सावली’ हा शब्द शिकला," जेवायला बसता बसता बाइंडरच्या बायकोने सांगितले.

भाजीत मीठ कमी आहे, असे म्हणायला बाइंडरने तोंड उघडले होते. ते तसेच उघडे राहिले. "कोणी?"

"पूल बांधणाऱ्याने. ती दुकानाबाहेर उभी होती, तिची सावली रस्त्यावर पडली होती. त्याने सावलीकडे बोट दाखवून विचारलं, हे काय? तिने सांगितलं. मग तो सावलीवर पाय पडू नये म्हणून कडेकडेने गेला."

"हं," बाइंडर म्हणाला आणि उठून स्वतःच मीठ घेऊन आला.

पूल बांधणारा त्यांच्या नात्यातला नव्हता, की ओळखीतलाही नव्हता. तो एका जुन्या कादंबरीतला होता. एका नदीच्या दोन काठांवर दोन देश, दोघांची भाषा वेगळी, आणि दोघांत आज ना उद्या लढाई होणार हे सगळ्यांना ठाऊक असलेले. अशा वेळी पलीकडचा एक तरुण नदीवरच्या पुलाची डागडुजी करायला अलीकडे येतो. औषधांच्या दुकानदाराची मुलगी गल्ल्यावर बसते. याला तिची भाषा येत नाही. हा रोज काहीतरी दुखते असे खुणेने सांगत दुकानात येतो, एखाद्या वस्तूकडे बोट दाखवतो आणि एक शब्द शिकून परत जातो. आज बाटली, उद्या चमचा, परवा सावली. ही कादंबरी ग्रंथालयाला कोणा डॉक्टरच्या घरून पेटीभर पुस्तकांबरोबर मिळाली होती. पाने सुटलेली असल्यामुळे ती कपाटात तशीच पडून होती, कोणी वाचलीच नव्हती. ग्रंथपालबाईंनी ती बांधणीसाठी बाइंडरकडे पाठवली आणि पूल बांधणारा त्याच्या घरात शिरला.

घरातल्या कामाची वाटणी लग्न झाल्यापासून ठरलेली होती. पुस्तक आले की जुनी शिवण उसवायची, फाटक्या कडांना पातळ कागद लावायचा आणि फर्मे नव्या दोऱ्याने शिवायचे, हे बायकोचे काम. फर्मा म्हणजे मोठा छापील कागद घड्या घालून झालेली पानांची जुडी. अशा जुड्या एकावर एक शिवत गेले की पुस्तक होते. मग कडा कापायच्या, खळ लावायची, पुठ्ठे आणि कापड चढवायचे, दाबयंत्राखाली ठेवायचे, हे बाइंडरचे काम. त्याने जन्मभर पुस्तके बांधली, पण वाचले एकही नव्हते. पुस्तक चांगले की वाईट हे तो कागद बोटांत धरून सांगे. बायको मात्र हातातून जाणारे सगळे वाचायची. कडा चिकटवता चिकटवता वाचायची, शिवता शिवता वाचायची आणि जेवताना ते नवऱ्याला सांगायची. आजवर तिने त्याला मधुमेहाची पथ्ये, विहिरी खोदण्याचे प्रकार आणि एका राजघराण्याचा सगळा इतिहास सांगितला होता. त्या सगळ्याला बाइंडरने मनापासून "हं" म्हटले होते. त्याच्या पोटात कधी दुखले नव्हते.

पण हा पूल बांधणारा निराळा होता. त्याची बोटे लांब होती. तो गुडघ्याखाली येणारा कोट घालायचा. आणि मुख्य म्हणजे तो जेवणात रोज यायचा.

"अहो, तिच्यासाठी त्याने भाषा शिकायला घेतली," बायको एकदा दोरा ओवताना म्हणाली. "परकी भाषा. त्यात लढाई तोंडावर. आणि आपल्या घरात दोघांची भाषा जन्मापासून एकच आहे."

"मग?"

"मग काही नाही. एकच आहे, एवढंच म्हणते. वापरायला हरकत नव्हती."

बाइंडरला त्या दिवशी कापडाचा तुकडा दोनदा आखूड कापला गेला. त्याने आपल्या बोटांकडे पाहिले. बोटे आखूड होती, नखांच्या कडेला खळ वाळून पांढरी झाली होती. त्याने हात साबणाने धुतले. मग पुन्हा खळ लावायची असल्याने ते पुन्हा खळीत घातले.

दुसऱ्या दिवशी त्याने पेटीतून लग्नातला कोट काढला. तो गुडघ्यापर्यंत येत नव्हता, पण कोट होता. तो घालून तो कामाला बसला. बायकोने मान वर करून विचारले, "थंडी वाजतेय का? तो कोट काढा, खळ लागेल त्याला." तोवर एक बाही खळीच्या भांड्यात जाऊन आली होती. कोट पुसून पुन्हा पेटीत गेला.

संध्याकाळी त्याने दुसरा उपाय केला. बायको दिवा लावत होती. बाइंडर दाराशी उभा राहिला, घसा खाकरला, दिव्याकडे बोट दाखवले आणि शक्य तितक्या मऊ आवाजात विचारले, "हे काय?"

बायकोने आधी दिव्याकडे पाहिले, मग त्याच्याकडे. "दिवा," ती म्हणाली. "डोळे तपासून घ्या एकदा."

त्यानंतर मात्र बाइंडरचे मन कामात लागेना. हा माणूस असाच एकेक शब्द शिकत राहिला तर शेवटी काय होईल, हे त्याला न वाचताही दिसत होते. लढाई होणार, लढाई संपणार, हा लांब बोटांचा परत येणार, दुकानाच्या पायरीवर उभा राहून शिकलेले सगळे शब्द सलग बोलून दाखवणार. मग आपल्या बायकोच्या डोळ्यांत जे पाणी येईल ते आपण समोर बसून पाहायचे आणि वर "हं" म्हणायचे. हे व्हायला नको होते. हा माणूस लढाईतून परतता कामा नये, असे बाइंडरला मनापासून वाटू लागले. आणि त्याच्यासारख्या माणसाला ते अवघडही नव्हते.

बायको दुपारी दोरा आणायला बाहेर गेली तेव्हा तो तिच्या बैठकीपाशी गेला. दुरुस्त झालेले फर्मे एका बाजूला होते, व्हायचे राहिलेले दुसऱ्या बाजूला. सगळ्यात तळाशी शेवटचा फर्मा होता. त्याने त्याच्या आधीच्या फर्म्याचे अखेरचे पान बोट फिरवत फिरवत वाचले. पूल बांधणारा आपल्या देशात परत निघालेला, ती अलीकडच्या काठावर उभी, आणि मागे पुलाला सुरुंग लागलेला. शेवटचे वाक्य होते: ‘धूर इतका दाट होता की पलीकडचा काठ दिसेनासा झाला.’ पूर्णविराम. पान तिथेच संपत होते. जणू लेखकाने बाइंडरची सोय पाहूनच लिहिले होते.

इतक्या वर्षांत त्याच्या हातून कोणाच्या पुस्तकाचे एक पान इकडचे तिकडे झाले नव्हते. त्याने शेवटचा फर्मा उचलला आणि परत ठेवला. पण सावलीच्या कडेकडेने जाणारा तो माणूस डोळ्यांसमोर आला आणि हात पुन्हा फर्म्याकडे गेला. शेवटचा फर्मा न वाचताच त्याने कोटाच्या आतल्या खिशात घातला, कोट पेटीत आणि पेटी पलंगाखाली ढकलली.

बायकोने फर्मे शिवले. अखेरची गाठ मारताना तिचा हात थोडा थांबला, तिने बैठकीभोवती एकदा पाहिले, मग दोरा कापला. जेवताना तिने पूल बांधणाऱ्याचे नाव काढले नाही. बाइंडर वाट पाहून कंटाळला.

"संपली का?" त्याने विचारले.

"संपली."

"काय झालं शेवटी?"

"धूर झाला." तिने घास खाली ठेवला. "मेला असेल का हो तो?"

बाइंडरला इतके मोठेपण कधीच कोणी देऊ केले नव्हते. एका माणसाचे जगणे-मरणे त्याच्या शब्दावर होते. "मेला," तो म्हणाला. "नक्की मेला."

बायकोच्या डोळ्यांत पाणी आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा झाला नाही. बाइंडरने तो स्वतः केला आणि दोघांनी करपलेला पिऊन टाकला. दुपारी बायको खिडकीशी बसून राहिली. बाइंडर तिच्याजवळ गेला. काय होतेय, डोके दुखतेय का, थोडे पडतेस का, असे त्याने एकामागून एक विचारले. ती म्हणाली, काही नाही, दुकानातली ती एकटी राहिली बिचारी. मग तिने पूल बांधणाऱ्याच्या स्वभावातल्या चांगल्या गोष्टी सांगितल्या. बाइंडरच्या लक्षात आले की जिवंत होता तोवर या माणसात थोडीफार खोट निघू शकत होती. एकदा त्याने चमच्याला बाटली म्हटले होते, एकदा तो पावसात छत्री विसरला होता. आता मेल्यावर सगळी खोट धुऊन गेली. आता तो छत्रीही विसरत नव्हता.

"नसेलही मेला," बाइंडर घाईने म्हणाला.

"मग आला का नाही परत?"

यावर बाइंडरकडे उत्तर होते, पण ते पलंगाखाली होते.

पुस्तक ग्रंथालयात गेले तेव्हा त्याला वाटले, आता सुटलो. ग्रंथपालबाईंनी नवे कापड पाहून ते दर्शनी कपाटात ठेवले. वरच्या मजल्यावर राहणारी नर्स ते पहिल्यांदा घेऊन गेली. ती बाइंडरला काका म्हणायची आणि त्यांच्या घरी तिचे रोजचे जाणे-येणे होते. दोन दिवसांनी ती सुजलेले डोळे घेऊन आली आणि बाइंडरच्या बायकोच्या गळ्यात पडली. दोघी खूप वेळ हळू आवाजात बोलल्या. नर्सने एक शंका काढली की शेवटी ‘समाप्त’ लिहिलेले नाही. ती तिने ग्रंथपालबाईंनाही विचारली होती. मोठे लेखक समाप्त लिहीत नसतात, असे बाईंनी सांगितले म्हणे. शेवट वाचकाच्या मनात होतो. बाइंडर पुठ्ठा कापत ऐकत होता. आपण साहित्यात काहीतरी मोठे करून बसलो, एवढे त्याला कळले.

नर्सनंतर पुस्तकासाठी रांग लागली. तिच्या इस्पितळातल्या सगळ्याजणींनी ते वाचले, मग त्यांच्या बहिणींनी, मग बहिणींच्या नणंदांनी. काही दिवसांनी नर्सचा नवरा, जो बस चालवायचा, कामावरून परतताना बाइंडरच्या दारात थांबला. तो आत आला नाही. दारातूनच म्हणाला, "काय बांधून दिलंत ते पुस्तक?"

"मी फक्त बांधलं. लिहिलं नाही," बाइंडर म्हणाला.

"रोज विचारते, तू माझ्यासाठी काय शिकलास? मी म्हटलं, मी बस शिकलो. तर म्हणते, ती काय माझ्यासाठी?" ड्रायव्हरने आवाज खाली आणला. "ह्याचा पुढचा भाग वगैरे नाही ना? ज्यात तो दारू पितो, असा?"

"नाही," बाइंडर म्हणाला. ड्रायव्हर मान हलवत जिना चढून गेला.

त्या बोलण्याने बाइंडरच्या डोक्यात किडा सोडला. खरेच, शेवटी त्या माणसाचे काय होते? आजवर त्याने ते पाहिलेच नव्हते. मेलेला बरा म्हणून त्याला पुस्तकाबाहेर ठेवले होते, पण तो तर मेल्यावर जास्तच जगत होता. त्याला परत आणावे, येऊ दे एकदा पायरीवर, बोलू दे ते सगळे शब्द, आणि संपू दे हे प्रकरण, असे बाइंडरने ठरवले. बायको नर्सकडे वर गेली असताना त्याने पेटी ओढली, खिशातून फर्मा काढला आणि पलंगावर बसून बोट फिरवत वाचायला सुरुवात केली. सवय नसल्याने वेळ लागला. पहिल्या पानावर त्याला घाम आला. चौथ्या पानावर तो उभा राहिला.

लढाई संपून काही वर्षे झालेली असतात. औषधांचे दुकान तसेच असते, मुलगी गल्ल्यावर असते. एक दिवस पूल बांधणारा येतो. बरोबर त्याची बायको असते. लढाईनंतर केलेली नव्हे, आधीपासूनची. दोन मुले असतात. ते सुटीत जुना पूल पाहायला आलेले असतात. तो तिला ओळखतही नाही. धाकट्या मुलाच्या पोटात दुखते म्हणून औषध मागतो, तिच्याच भाषेत, तिनेच शिकवलेल्या शब्दांत. त्याची बायको कौतुकाने सांगते, ह्यांना हीच खोड आहे, ज्या गावी जातात तिथे कोणाकडून तरी दोन-चार शब्द शिकून येतात. मुलगी औषध देते, ते गेल्यावर दुकानाचे दार लावते आणि हसत सुटते. समाप्त. चांगले मोठ्या अक्षरांत समाप्त.

बाइंडरने खोलीत दोन फेऱ्या मारल्या. पुस्तक वाचून इतका आनंद होतो हे त्याला आजवर कोणी सांगितले नव्हते. त्याने जिन्यापर्यंत धाव घेतली. वर जाऊन दोघींच्या मधोमध फर्मा आपटायचा एवढेच त्याच्या मनात होते. पहिल्या पायरीवर पाय ठेवला आणि तिथेच थांबला. हे कुठून आणले, असे बायको विचारणार. काय सांगायचे?

तो पाय मागे घेऊन घरात आला. ज्या एका गोष्टीने त्या माणसाची पार नाचक्की झाली असती ती लेखकाने लिहून ठेवली होती, छापखान्याने छापून ठेवली होती, आणि ती नेमकी त्यानेच काढून कोटाच्या खिशात घातली होती. त्याने हातही लावला नसता तर बायकोने केव्हाच त्या लांब बोटांच्या नावाने बोटे मोडली असती. आता सांगावे तर आपली अब्रू जाते, न सांगावे तर त्याची वाढते. फर्मा पुन्हा खिशात गेला. पुढचे सगळे दिवस बाइंडर जेवताना पूल बांधणाऱ्याची स्तुती ऐकत राहिला आणि आतल्या आत दात खात राहिला.

अशात ग्रंथपालबाईंनी त्या कादंबरीवर वाचकांची बैठक ठेवली. सगळ्यात आधी वाचणारी म्हणून बाइंडरच्या बायकोने दोन शब्द बोलावेत, असे ठरले. पुस्तकाला नवा जन्म देणारे म्हणून बाइंडरनेही यावे, असा बाईंचा आग्रह होता.

"बरे कपडे घाला," बायको निघताना म्हणाली. "तो कोट घाला."

"खळ लागलीय त्याला."

"पुसलीय मी. घाला."

नाही म्हणावे तर का, हे सांगावे लागले असते. त्याने कोट घातला. छातीवर आतून फर्मा टोचत होता. श्वास घेतला की कागद कुरकुरायचा, म्हणून त्याने श्वास कमी घ्यायचे ठरवले.

ग्रंथालयाच्या वाचनखोलीतले लांब टेबल भिंतीला लावून खुर्च्या मांडल्या होत्या. पुढे इस्पितळातल्या बायका, मागे त्यांना आणून सोडायला आलेले आणि मग अडकलेले नवरे. ड्रायव्हर दाराजवळ बसला होता. बाइंडरला मात्र पहिल्या रांगेत बसवले. ग्रंथपालबाई बोलल्या. धूर हा साधा धूर नाही, असे त्यांनी समजावून सांगितले. लेखकाने नायकाला परत न आणण्याचे जे धाडस दाखवले त्याबद्दल लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाइंडरला क्षणभर उठून नमस्कार करावासा वाटला.

मग त्याची बायको उभी राहिली. तिने पदर नीट केला, कागद वगैरे काही आणला नव्हता.

"मी शिकलेली बाई नाही," ती म्हणाली. "मला एवढंच सांगायचंय, की तो परत आला असता तर सरळ तिच्या पायरीवर आला असता. इकडे तिकडे बघितलं नसतं. काही माणसं वर्षानुवर्षं एका खोलीत बसतात आणि शेजारच्याच्या हातात सुई आहे की दोरा हे सांगू शकत नाहीत. तो नदीपलीकडचा, पण त्याला तिची सावली कुठे पडते ते माहीत होतं. असा माणूस बाईला विसरत नाही."

पुढच्या रांगेत कोणीतरी नाक ओढले. बाइंडरने श्वास घेतला, आणि या वेळी पूर्ण घेतला. कागद खोलीभर ऐकू जाईल असा कुरकुरला.

"त्याला बायको आहे," बाइंडर म्हणाला.

सगळे त्याच्याकडे वळले. ग्रंथपालबाईंनी चष्मा खाली केला. "कोणाला?"

"पूल बांधणाऱ्याला. आणि दोन मुलं. धाकट्याचं पोट दुखतं."

"मला वाटलंच होतं," दाराजवळून ड्रायव्हर म्हणाला.

"काका, इतकं जळू नये माणसाने," नर्स म्हणाली. "मेलाय तो."

"कुठे मेलाय, चांगला सहलीला आलाय."

"हे तुम्हाला कसं माहीत?" ग्रंथपालबाईंनी विचारले.

 बाइंडरने बायकोकडे पाहिले. ती हाताची घडी घालून शांत उभी होती. हे मला स्वप्नात दिसले, असे म्हणून तो अजूनही सुटू शकला असता. लोक हसले असते, जळकुटा म्हणाले असते, पण त्याच्या कामाला नावे ठेवली नसती. मात्र त्याच वेळी, बायकोच्या मागे भिंतीवर पडलेली तिची सावली त्याला दिसली. इतकी वर्षे ती तिथे कुठेतरी पडतच असणार. त्याने कोटात हात घातला आणि फर्मा काढून टेबलावर ठेवला.

"मी काढला होता," तो म्हणाला. "मला बाइंडर म्हणायला आता तुमची हरकत असेल. पण आधी वाचा."

ग्रंथपालबाईंनी उभ्याउभ्या मोठ्याने वाचले. त्यांचा आवाज आधी चढला, मग उतरला, आणि समाप्त म्हणेपर्यंत बसला.  मागच्या रांगेत ड्रायव्हर तेवढा खुर्चीत सरळ होऊन बसला होता आणि उजळला होता.

"खोटं आहे," नर्स म्हणाली. "काकांनी हे कुठूनतरी छापून आणलंय."

बाईंनी कागद कागदाला लावून पाहिला. रंग तोच, टाइप तोच, दोऱ्याची भोकेही जुळली. तरी कोणाला ते पटवून घ्यायचे नव्हते. एक म्हणाली, असला शेवट लेखकाने दुसऱ्याकडून लिहून घेतला असणार. दुसरी म्हणाली, आमचा माणूस असा नव्हता. बाइंडरने फर्मा काढला याबद्दल कोणी त्याला रागावले नाही. त्याने तो परत आणला याबद्दल मात्र सगळ्याजणी संतापल्या. पुस्तक पूर्ण असले पाहिजे, असा बाईंचा हट्ट, आणि हा शेवट आत शिवला तर पुस्तकाला हात लावणार नाही, असा बाकीच्यांचा. शेवटी मध्यम मार्ग निघाला. शेवटचा फर्मा वेगळा बांधून कपाटात ठेवायचा आणि जो मागेल त्याला द्यायचा. तो आजवर एकट्या ड्रायव्हरने नेला आहे, आणि परत केलेला नाही.

बाइंडरलाही बाईंनी सोडले नाही. यापुढे त्याच्याकडून पुस्तक घेताना त्या शेवटचे पान आधी उघडून पाहणार होत्या. त्याच्यासारख्याला ही शिक्षा काही लहान नव्हती.

घरी जाताना बायको एक पाऊल पुढे चालत होती. कोपरा ओलांडल्यावर बाइंडर तिच्या बरोबरीला आला. मग म्हणाला, "चिडलीस?"

"नाही."

"तुला वाईट वाटलं असेल. तो तसा निघाला."

"मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं तो तसा आहे."

बाइंडर रस्त्यातच थांबला.

"अहो, पुस्तक कोण उसवतं?" बायको म्हणाली. "गाठ कुठे असते? शेवटच्या फर्म्याला. उसवायला सुरुवात तिथूनच करते ना मी? सगळ्यात आधी तोच हातात येतो, तोच वाचते. जन्मभर मी प्रत्येक गोष्ट शेवटाकडून वाचत आलेय. तुम्हाला आजवर कळलं नाही?"

"मग तू रडत होतीस ते?"

"तुम्ही विचारत होतात."

"काय विचारत होतो?"

"काय होतंय म्हणून. डोकं दुखतंय का म्हणून. पडतेस का थोडी म्हणून." ती पुन्हा चालायला लागली. "पहिल्या दिवशी तुम्ही उठून स्वतः मीठ घेतलंत ना, तेव्हाच मला कळलं तुमच्या पोटात दुखतंय. म्हटलं, दुखू दे थोडं. मग बघितलं तर फर्मा गायब. वाटलं, कापड चढवायच्या आधी आणून ठेवाल. मग वाटलं, ग्रंथालयात द्यायच्या आधी ठेवाल. तुम्ही बोलेनात, मग मीही बोलले नाही. खळ पुसताना तो कोटात सापडला होता, म्हणून कोट तेवढा घालायला लावला."

बाइंडरने या सगळ्याचा विचार केला. "आणि ते सुई-दोऱ्याचं बोललीस, ते?"

"ते खरं होतं," बायको म्हणाली.

त्यानंतर बाइंडर वाचायला लागला. पुन्हा असा कोणी घरात शिरला तर आधी ठाऊक असावे, एवढाच त्याचा हेतू होता. पण सवय लागली. बायकोने दुरुस्त केलेले फर्मे तो संध्याकाळी बोट फिरवत वाचायचा. पुढच्या गठ्ठ्यात अशीच एक लढाईच्या काळातली कादंबरी आली. तिच्यात तारघरात काम करणारी एक बाई होती. शत्रूच्या देशातला एक कैदी तिच्यावर जीव टाकून होता.

"आज ती दिवसभरात एक शब्द बोलली नाही," बाइंडर जेवताना म्हणाला.

"कोण?"

"तारघरातली. नुसती ऐकत होती. तो बोलत होता आणि ही मान हलवत होती. त्याला इतकं बरं वाटलं की त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. काय बाई आहे."

"हं," बायको म्हणाली.

पुढचे काही दिवस जेवताना तारघरातलीच होती. तिचे केस, तिची शांत नजर, तिने कैद्याला न बोलता दिलेला पाण्याचा पेला. बायको एकदा मधेच म्हणाली की घशाचे काही दुखणे असेल तिला, दाखवायला हवे. बाइंडर म्हणाला, नाही, स्वभाव आहे तो. बायकोने भाजीचे भांडे जरा जोरात ठेवले.

मग शिवलेले पुस्तक त्याच्या टेबलावर आले. बाइंडरने ग्रंथपालबाईंच्या धाकाने ते उलटे करून आधी शेवट पाहिला. तारघरातली निरोपाची तार ऐकत होती, आणि पुढे काही नव्हते. समाप्तही नव्हते. त्याने बायकोकडे पाहिले. ती दोरा गुंडाळत होती.

तो आतल्या खोलीत गेला, पलंगाखालची पेटी ओढली आणि कोटाच्या छातीवर हात दाबून पाहिला. कागद कुरकुरला. त्याने पेटी बंद केली, बाहेर येऊन जेवायला बसला आणि उगाचच घसा खाकरला.

"काय गं," त्याने विचारले, "मेली असेल का ती?"

"मेली," बायको वाढता वाढता म्हणाली. "नक्की मेली."